चिलीच्या वतीने हवालदार

मी ज्या विभागात एम.ए. केलं तो आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा विभाग एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढून सांख्यिकीवाल्यांच्या दारावरून पुढे गेलं की डावीकडे दोन वर्गखोल्या, उजवीकडे मॅडमची केबिन आणि टोकाला एक मोठं सभागृह. आम्ही विद्यार्थी सात जण. जगातल्या सगळ्या देशांचे व्यवहार आम्ही सात जण, एक विभागप्रमुख मॅडम आणि एक शिपाईकाका मिळून सांभाळत होतो.

मी तिथे पोचले ती जरा चुकूनच. मला राज्यशास्त्र घ्यायचं होतं, पण यादी भरली होती. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, बाजूच्या विषयात जागा आहेत, तोही तसाच आहे, फक्त लांबलांबच्या देशांचा. मी फॉर्म भरून टाकला. आमच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता. बाबांनी तो सोडून गांधीबागेत साड्यांच्या एका ठोक दुकानात नोकरी धरली होती. घरी जाऊन मी विषयाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, "यात नोकरी कुठं लागते वं?" मी म्हटलं, दिल्लीत, नाहीतर परदेशात. "म्हणजे नागपुरात नाही," असं म्हणून ते जेवायला बसले.

मॅडम स्वतः दिल्लीत शिकलेल्या होत्या. तिथल्या विद्यापीठात म्हणे व्हरांड्यातून राजदूत चालत जायचे आणि कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावर माजी परराष्ट्र सचिव समोसा खाताना दिसायचे. आमच्या व्हरांड्यातून सांख्यिकीचे सर डबा घेऊन जायचे. मॅडमनी हार मानली नव्हती. आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं शिक्षण राजधानीच्या शहरातच शोभतं, असं त्या आम्हाला पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, आणि नागपूर ही राजधानी आहे. उपराजधानीतला 'उप' त्या उच्चारत नसत. हिवाळ्यात दोन आठवडे सरकार इथे येतं, तेवढा पुरावा त्यांना पुरत होता.

दरवर्षी त्या दिल्लीतल्या वेगवेगळ्या वकिलातींना पत्रं लिहून आमच्या अभिरूप परिषदेला पाहुणा पाठवा अशी विनंती करायच्या. अभिरूप परिषद म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन खोटीखोटी आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची. पत्रांना उत्तर कधी येत नसे. त्या वर्षी आलं. युरोपातल्या एका छोट्या देशाच्या वकिलातीतल्या द्वितीय सचिव, म्हणजे एक बाई, डिसेंबरमध्ये यायला तयार होत्या. मॅडमनी ते पत्र वर्गात उभं राहून वाचलं, आणि त्या उभ्या आहेत म्हणून आम्हीही उभे राहिलो. शिपाईकाका दारात होते. त्यांनी तारीख ऐकली आणि म्हणाले, "मॅडम, तेव्हा अधिवेशन चालू राहते."

मॅडम म्हणाल्या, मग तर उत्तमच.

परिषदेचा विषय समुद्र होता: कुठल्या देशाची हद्द कुठवर, मासे कुणाचे, बंदर कुणी कुणाला वापरू द्यायचं. चिठ्ठ्या टाकून देश वाटले. मला बोलिव्हिया आला. मी नकाशात पाहिलं तर त्याला समुद्रच नव्हता. मी मॅडमकडे जाऊन चिठ्ठी बदलून मागितली. मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं की बोलिव्हियाला एके काळी समुद्र होता, एका युद्धात तो शेजारच्या चिलीनं घेतला, आणि तेव्हापासून तो देश समुद्र परत मागतो आहे. त्यांनी आपलं नौदलसुद्धा मोडलेलं नाही, ते नद्यांवर आणि एका मोठ्या तलावावर चालवतात. मी ही गोष्ट घरी सांगितली. बाबांना ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन ते म्हणाले की त्यांनी ती शेटजींनाही सांगितली, आणि शेटजींचं मत पडलं की बोलिव्हियाची बाजू बरोबर आहे.

समुद्र मीही तोवर पाहिला नव्हता. पण मी भाषण जीव तोडून तयार केलं. इंग्रजीत. मॅडमचा नियम होता की परिषदेत एक शब्दही मराठीत येता कामा नये. आमच्या वर्गात धरमपेठेतली एक मुलगी होती, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ती माझे उच्चार दुरुस्त करून द्यायची. तिच्यासमोर मी भाषण इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तिलाच ते पाठ झालं.

आम्ही सात आणि बाहेरच्या एका कॉलेजची पंधरा मुलं मिळून बावीस देश होणार होते. सुताराकडून अर्धगोल टेबल करून घेतलं, देशांच्या पाट्या रंगवल्या, छोटे झेंडे लावायला दांड्या आणल्या. परिषदेला आठ दिवस राहिले असताना एका सकाळी मी जिना चढून वर गेले तर अर्धगोल टेबलावर स्टीलचे डबे मांडलेले होते, भिंतीशी वळकट्या रचलेल्या होत्या, आणि झेंड्यांच्या दांड्यांवर बनियन वाळत होते.

अधिवेशनाच्या बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात आणि त्यांची राहायची सोय शाळांत, मंगल कार्यालयांत, मिळेल तिथे करतात. त्या वर्षी आमचं सभागृह मिळालं होतं. कोल्हापूरकडची अठरा माणसं त्यात उतरली होती. त्यांचे प्रमुख एक हवालदार होते, पन्नाशीचे, भक्कम, मिशीत थोडं पांढरं आलेले. ते उंबऱ्यात बसून दाढी करत होते. मला पाहून त्यांनी अर्ध्या दाढीवरच नमस्कार केला.

मॅडम आल्या, त्यांनी ते दृश्य पाहिलं, आणि त्या सरळ केबिनमध्ये गेल्या. मग त्यांनी तीन पत्रं लिहिली: एक कुलसचिवांना, एक जिल्हा प्रशासनाला, एक पोलिसांच्या वरिष्ठांना. पत्रात 'सार्वभौम', 'पूर्वसूचना' आणि 'तीव्र निषेध' हे शब्द होते. दोन पत्रांची उत्तरं दुसऱ्या दिवशी आली, दोन्हीत खेद व्यक्त केला होता. तिसऱ्याचं आलंच नाही. मॅडम हवालदारांशी स्वतः बोलायला गेल्या. हवालदार उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमी काय हौसंनं आलोय व्हय? हुकूम हाय. तुमी हुकूम आणा, लगेच उठतो."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. राजदूतांच्या व्हरांड्यातून शिकून आलेली बाई आपल्याच सभागृहात चपला बाहेर काढून उभी होती, कारण हवालदारांनी आत सतरंज्या अंथरल्या होत्या.

तोडगा काढला तो शिपाईकाकांनी. इमारतीवरच्या टाकीत पाणी चढवायच्या मोटरची किल्ली त्यांच्याकडे असायची. ते रोज सकाळी नऊला मोटर लावत. पोलिसांना ड्युटीवर सातला निघायचं असे, आणि अठरा जणांना आंघोळीला पाणी नसे. ते खालच्या नळावरून बादल्या भरभरून दुसरा मजला चढत होते. तीन दिवस काकांनी हे नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी ते चहाचा कप घेऊन हवालदारांच्या शेजारी जाऊन बसले. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते. काका म्हणाले, "भाऊ, मोटर मी सहालेच लावून देतो ना. मले काही त्रास नाही. पण आमच्या मॅडमचं एक काम अडून राहिलं." पुढचं मला ऐकू आलं नाही, पण दोघांनी मिळून दोन कप चहा प्यायला आणि हवालदारांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.

ठरलं असं की परिषदेच्या दिवशी दहा ते दोन सभागृह मोकळं करून द्यायचं, आणि त्या बदल्यात अधिवेशन संपेपर्यंत सकाळी सहाला मोटर. मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, पण तोंडी करारावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मला लेखी मसुदा करायला सांगितला. मी तो मराठीत लिहिला, तीन प्रती. त्यात एक कलम असं होतं की झेंड्यांच्या दांड्यांवर कोणत्याही प्रकारचे कपडे वाळत घालण्यात येणार नाहीत. हवालदारांनी चष्मा लावून सबंध मसुदा वाचला, पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: 'ऐनवेळी बंदोबस्त वाढल्यास माणसे जागेवरून हलतील, त्यास इलाज नाही.' मग सही केली. मॅडमनी ती ओळ वाचली आणि खाली आपली सही केली. नंतर वर्गात त्या म्हणाल्या की असं सुटकेची वाट ठेवणारं कलम कसं घालावं हे त्या आम्हाला दोन वर्षं शिकवत होत्या आणि आम्हाला ते आलं नव्हतं.

परिषदेच्या दिवशी सकाळी साडेआठलाच मी पोचले. सभागृह झाडून पुसून लख्ख होतं. वळकट्या व्हरांड्यात एका ओळीत, इतक्या सरळ की मोजपट्टी लावून ठेवल्यासारख्या. दहा-बारा पोलीस दुपारच्या ड्युटीचे होते, ते गणवेश चढवून जिन्यावर बसले होते. पाहुण्या आदल्या दिवशीच विमानानं येऊन हॉटेलात उतरल्या होत्या आणि साडेदहाला यायच्या होत्या.

साडेनऊला मॅडमचा फोन वाजला. बाहेरच्या कॉलेजची बस अडकली होती. त्या दिवशी एक मोठा मोर्चा होता, रस्ते बंद केले होते, आणि बस तासभर एकाच जागी उभी होती. सोबतचे प्राध्यापक म्हणत होते की मुलं परत घेऊन जातो. मॅडमनी फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. बावीस पाट्या, बावीस खुर्च्या आणि आम्ही सात.

हवालदार जिन्यातून हे ऐकत होते. ते वर आले आणि बस कुठं आहे ते विचारलं. मग मान हलवली. "ती बस आता संध्याकाळपर्यंत येत न्हाई, मॅडम. मीच काल त्या वळणावर उभा होतो. तुमच्या पाहुण्यांची गाडी मातूर येईल. डायवरचा नंबर द्या." त्यांनी ड्रायव्हरला फोन लावून रस्ता सांगितला. माणूस आठ दिवसांपूर्वी नागपुरात पहिल्यांदा आलेला, आणि जरीपटक्याच्या बाजूनं कुठे वळायचं, कुठल्या पुलाखालून निघायचं, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पाहुणी येणार हे नक्की झाल्यावर मॅडम जास्तच घाबरल्या. सात देशांच्या जगाला परिषद म्हणता येत नाही, असं त्या म्हणत राहिल्या. तेव्हा शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, हे बसले ना इतके जण." आणि त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

मॅडम म्हणाल्या की हे अशक्य आहे, परिषदेची भाषा इंग्रजी आहे. काकांनी शांतपणे विचारलं, तिकडे मोठ्या परिषदेत सगळे इंग्रजीच बोलतात का. तिकडे दुभाषे असतात, आणि हे त्यांनीच आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलं होतं. त्यांनी धरमपेठेतल्या मुलीकडे पाहिलं. तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मग मॅडम जिन्यात गेल्या आणि दिल्लीचं सगळं शिक्षण पणाला लावून पोलिसांना म्हणाल्या की आपण सर्वांनी आमच्या विनंतीला मान देऊन काही देशांचं प्रतिनिधित्व करावं. पोलिसांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी विचारलं, "बसूनच करायचं न्हवं?" बसूनच, असं मॅडम म्हणाल्या. तेवढ्यावर सगळे उठले.

अकरा पोलिसांना अकरा देश दिले. चार खुर्च्या काढून टाकल्या. माझ्या बोलिव्हियासमोर चिलीची पाटी होती, आणि चिलीच्या जागी हवालदार येऊन बसले. मी त्यांना दहा मिनिटांत सगळं समजावलं. समुद्र तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मी मागणार, तुम्ही द्यायचा नाही.

"का द्यायचा न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की तुम्ही तो युद्धात जिंकलाय, आणि आता तिथे तुमची गावं आहेत, माणसं आहेत. ते म्हणाले, मग ठीक आहे. माझ्याकडे चिलीच्या बाजूची दोन पानांची मराठी टिपणं होती, ती त्यांनी मागून घेतली आणि बोट ठेवून वाचायला लागले.

पाहुण्या साडेदहाला आल्या. उंच, शांत बाई, साधी सुती साडी नेसून. सभागृहात शिरल्यावर त्यांनी गणवेशातले अकरा प्रतिनिधी पाहिले. सगळे पोलीस एकदम उठून सावधानमध्ये उभे राहिले, तशी आम्हीही उठलो. पाहुण्यांनी मॅडमला हलक्या आवाजात विचारलं की तुमच्या अभ्यासक्रमाला सेवेतले अधिकारीही येतात का. मॅडम खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, या वर्षीपासून.

पहिली वीस मिनिटं आम्ही विद्यार्थीच बोललो, इंग्रजीत, पाठ केलेलं. पोलीस ऐकत बसले. नॉर्वेच्या पाटीमागचा पोलीस रात्रभरही ड्युटी करून आला होता. त्याची मान हळूहळू छातीवर उतरली. मॅडम त्याच्याकडे पाहून खाकरल्या, पण नॉर्वेवर परिणाम झाला नाही. पाहुण्या मॅडमकडे झुकून म्हणाल्या, राहू द्या, आमच्याकडेही असंच असतं.

मग माझी पाळी आली. मी उठले. समोर चिली हात बांधून, माझ्याकडे एकटक पाहत बसलेली. मी इंग्रजीत दोन वाक्यं म्हटली आणि माझ्या लक्षात आलं की ज्याच्याकडे मी समुद्र मागते आहे त्याला मी काय बोलते ते कळत नाही. असं कधी झालं नव्हतं. सरावात माझ्यासमोर चिली नव्हतीच, फक्त उच्चार दुरुस्त करणारी मुलगी होती. मी कागद खाली ठेवला आणि मराठीत सुरू केलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. धरमपेठेतली मुलगी पाहुण्यांच्या कानाशी लागून भाषांतर करायला लागली.

मी म्हटलं की आमच्या देशात माल आहे, माणसं आहेत, पण बाहेर जायला दार नाही. जे काही विकायचं ते दुसऱ्याच्या अंगणातून न्यावं लागतं. बोलता बोलता माझं घरचं बोलणं बाहेर पडलं. "आम्हाले समुद्र शोभेसाठी नको आहे," मी म्हणाले, "आम्हाले रस्ता पाहिजे." हे 'आम्हाले' कॉलेजात येऊ नये म्हणून मी दोन वर्षं जिभेला वळण लावलं होतं. माझे कान तापले. पण कुणी हसलं नाही.

हवालदार उठले. गणवेश खाली ओढून नीट केला.

"ताई म्हणत्यात ते खरं हाय," ते म्हणाले. "पर जमीन मी देणार न्हाई. तिथं आमची माणसं राहत्यात, त्यांना उठवून कुठं नेऊ? रस्ता देतो. गाड्या येऊ द्यात, जाऊ द्यात. कागद बघू आणि सोडू."

धरमपेठेतल्या मुलीनं भाषांतर केलं की चिलीचं प्रतिनिधीमंडळ भूभागाच्या हस्तांतरास असमर्थ असून मार्गाधिकाराच्या प्रश्नावर रचनात्मक भूमिका घेण्यास तयार आहे. हवालदारांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. आपण इतकं बोललो हे त्यांना माहीत नव्हतं.

माझ्या टिपणांत इथे चिली नकार देते आणि बोलिव्हिया खेद व्यक्त करून खाली बसते, असं होतं. मी खाली बसले नाही. मला बाबांची आठवण झाली. दुकानाचा माल बाहेरगावी पाठवताना नाक्यावर गाडी अडली की ते कसे दिवसभर फोन लावत बसायचे. मी विचारलं, "रस्ता दिला, पण नाक्यावर आमची गाडी चार दिवस उभी ठेवली तर? कागद बघायला कितीही वेळ लागू शकतो."

जागे असलेल्या इतर पोलिसांनी खाली पाहिलं. जपान जरासा हसला.

"ते होतं," हवालदार म्हणाले.

हे भाषांतर न करताच पाहुण्यांना कळलं असावं, कारण त्या सगळ्यांत आधी हसल्या. मग सभागृह हसलं, मॅडमसुद्धा. हसू ओसरल्यावर हवालदार म्हणाले, "मग असं करा, ताई. आमच्या नाक्यावर तुमचा एक माणूस बसवा. खुर्ची आमी देतो. तुमच्या गाडीचे कागद तुमचाच माणूस बघंल. आमच्या माणसानं उगाच अडवली तर त्यानं तिथंच विचारायचं."

पाहुण्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. नंतर त्यांनी सांगितलं की त्या भागात प्रत्यक्षातही असंच काहीसं आहे. चिलीच्या बंदरात बोलिव्हियाचे स्वतःचे अधिकारी बसतात, आणि तिथवर यायला दोन्ही देशांना बरंच भांडावं लागलं होतं. आमच्याकडे ते पाव तासात झालं होतं.

मॅडमनी त्यावर ठराव मांडायला सांगितला. मी तो घाईघाईनं एका कागदावर लिहिला. मतदान सुरू झालं. एकेका देशाचं नाव पुकारायचं आणि त्यानं हात वर करायचा. सात देश झाले. नॉर्वेचं नाव दोनदा पुकारलं, उत्तर आलं नाही, आणि धरमपेठेतल्या मुलीनं पाहुण्यांना नॉर्वे तटस्थ असल्याचं सांगितलं. एवढ्यात दाराशी ठेवलेला वॉकीटॉकी खरखरला.

हवालदारांनी तो कानाशी धरला, दोन वेळा 'होय साहेब' म्हणाले आणि वळले. मोर्चा पुढे सरकला होता, जादा माणसं ताबडतोब हवी होती. त्यांनी फक्त एकदा टाळी वाजवली. दहा देश एकदम उठले. नॉर्वे झोपेतून सरळ उभाच राहिला आणि डोळे उघडायच्या आधी त्याने टोपी घातली. खुर्च्या मागे सरकल्या, बुटांचा आवाज झाला आणि ओळीनं सगळे बाहेर पडायला लागले.

पाहुण्या गंभीर झाल्या. त्यांनी वही मिटली आणि मॅडमला विचारलं की हा सभात्याग कोणत्या मुद्द्यावर आहे.

मॅडम उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. ओळीत सगळ्यांत शेवटी हवालदार होते. ते दारापर्यंत गेले आणि थांबले. मग परत फिरून सरळ माझ्या खुर्चीशी आले.

"कुठं सही करायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मतदान पुरं झालेलं नाही, ठराव अजून मंजूर नाही. ते म्हणाले, "ते बाकीच्यांचं. रस्ता माझा हाय न्हवं?" मी कागद पुढे केला. त्यांनी खिशातून चष्मा काढत न बसता, कागद लांब धरून, ठरावाखाली आपली सही ठोकली आणि शेजारी कंसात 'चिली' असं लिहिलं. पाहुण्या उठून उभ्या राहिल्या. हवालदारांनी त्यांना एक कडक सॅल्यूट केला आणि जिना उतरून गेले.

गणसंख्या उरली नव्हती, त्यामुळे मॅडमनी परिषद तहकूब केली. मग त्यांनी पाहुण्यांना सगळं खरं सांगितलं: बस, मोर्चा, वळकट्या, पाण्याची मोटर. माझ्या मनात आलं, आता सगळं संपलं. पाहुण्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यांना मोटरचा करार बघायचा आहे असं म्हणाल्या. तो मराठीत असल्यामुळे धरमपेठेतल्या मुलीनं वाचून दाखवला. दांड्यांवरच्या कपड्यांच्या कलमापाशी पाहुण्यांना हसू आवरेना, आणि हवालदारांनी घातलेली ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. त्यांनी कराराची झेरॉक्स मागितली. शिपाईकाका झेरॉक्स काढायला खाली गेले, जाताना त्यांनी नवा शर्ट पॅन्टमध्ये खोचून घेतला.

हवालदारांची माणसं संध्याकाळी पाचनंतर परत आली, धुळीनं माखलेली. मोर्चा शांतपणे पार पडला होता. त्यातल्या एकानं मला भीतभीत विचारलं की आज जे झालं त्याचं काही सर्टिफिकेट मिळतं का, मुलीला दाखवायचं आहे. छापलेली प्रमाणपत्रं त्या पंधरा न आलेल्या मुलांच्या नावानं तयार होती. मी मॅडमकडे गेले. मला वाटलं, त्या नियम सांगतील. त्यांनी कपाटातून कोरा जाड कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं आहे, बस.

मी अकरा प्रमाणपत्रं हातानं लिहिली, नाव आणि देश. मॅडमनी प्रत्येकावर शाईच्या पेनानं सही केली आणि विभागाचा शिक्का मारला. मग त्यांनी व्हरांड्यात उभं राहून एकेक देश पुकारला. कुणी तोंड धुऊन आला, कुणी बूट काढताकाढता उठला. जपान, ब्राझील, इजिप्त, सगळे सॅल्यूट करून कागद घेऊन गेले. मॅडमनीही प्रत्येकाला हात जोडले. चिली शेवटी आली. हवालदारांनी आपलं प्रमाणपत्र वाचलं, घडी न घालता एका प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं आणि वळकटीच्या मधोमध ठेवलं.

मी निघाले तेव्हा व्हरांड्यात स्टोव्हवर चहा चढला होता आणि मॅडम परिषदेसाठी नेसलेल्या दिल्लीच्या साडीत, सतरंजीच्या कडेला, पोलिसांमध्ये बसल्या होत्या. हवालदार त्यांना विचारत होते की पंचवीस पोलिसांनी दोनशे मोर्चेकऱ्यांशी बोलणी करायची असतील तर आधी कुणी बोलावं. मॅडम तळहातावर बोटानं रेघा काढून समजावत होत्या. मला घरी जायचं होतं, बाबा वाट पाहत असणार. पण मी चप्पल पुन्हा काढली आणि ऐकायला बसले.